हरिपूर रस्त्यावरचं पॉट आइस्क्रीम: एका फ्रीजवाल्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच गाडीला किक मारावी. सीताफळ घ्या, तिथंच उभं राहून खा, पार्सल बांधून घेऊ नका. पाचापैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढं येईल, पण तो चवीमुळं कापलेला नाही.

गाड्याला नाव नाही. सांगलीतून हरिपूरला निघालं की संगमेश्वराचं देऊळ यायच्या बरंच अलीकडं, रस्त्याच्या कडेला झाडाखाली हिरवी ताडपत्री बांधलेली दिसते. तिच्याखाली दोन लाकडी बादल्या, शेगडीवर मोठी कढई आणि गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी. मावशी पैसे आणि वाट्या सांभाळतात, काका कढईपाशी, आणि त्यांचा पुतण्या पॉटचा दांडा फिरवतो. फ्रीज नाही, डीप फ्रीझर नाही, जनरेटरची भुणभुण नाही. वजनाला बरी भरणारी वाटी 40 रुपयांना.

माझा धंदा फ्रीज, डीप फ्रीझर आणि एसी दुरुस्तीचा. सांगली, मिरज, कुपवाड हा रोजचा पट्टा, आणि सीझनला तासगावकडं बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवरही जाणं असतं. त्यामुळं हा रिव्ह्यू आइस्क्रीमबद्दल कमी आणि बादलीबद्दल जास्त होणार आहे. चवीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. बादलीत काय चाललंय ते कुणीच लिहीत नाही.

गिऱ्हाईक मला फोन करतं तेव्हा वाक्य ठरलेलं असतं: "फ्रीज गारवा सोडत नाही ओ." जणू आत कुठंतरी गारव्याची टाकी आहे आणि तिचा नळ तुंबलाय. गारवा नावाची वस्तू कुणीच तयार करत नाही. आतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढंच आमचं काम. ती उचलायला हमाल लागतो. फ्रीजमध्ये ती हमाली गॅस करतो. कॅपिलरी नावाच्या केसासारख्या बारीक नळीतून तो द्रव रूपात कूलिंग कॉइलमध्ये शिरतो, तिथं दाब कमी असल्यामुळं उकळतो, आणि उकळायला लागणारी उष्णता तुमच्या दुधातून, भाजीतून ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबून मागच्या जाळीत ढकलतो, तिथं तो परत द्रव होतो आणि घेतलेली उष्णता बाहेर टाकतो. फ्रीजच्या मागं किंवा बाजूच्या पत्र्याला हात लावून बघा, तुमच्याच भाजीची उष्णता लागेल हाताला.

"उकळतो" म्हटलं की लोक दचकतात. उकळणं म्हणजे गरम, असं आपल्या डोक्यात चहानं भरवलंय. R-134a हा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे 26 अंशाला उकळतो. हल्लीच्या घरगुती फ्रीजमध्ये बहुतेक आयसोब्युटेन असतो, तो उणे 12 च्या आसपास. बर्फाच्या कारखान्यातला अमोनिया उणे 33 ला. ज्याचा त्याचा उकळायचा आकडा वेगळा, आणि आम्ही त्या आकड्यांवर पोट भरतो.

आता हरिपूर रस्त्यावरची बादली. तिथं उकळणारं काही नाही, तिथं वितळणं आहे. काम तेच, हमाल दुसरा.

रचना अशी. बाहेर जाड लाकडी बादली, आत उभा स्टीलचा डबा, डब्यात लाकडाची पाती असलेली फिरकी, वर दात्यांचं चाक आणि दांडा. बादली आणि डब्यामधल्या फटीत बर्फ आणि खडे मीठ. बादली लाकडाची का, तर बाहेरच्या उन्हाची उष्णता आत सहज येऊ नये म्हणून. डबा धातूचा का, तर दुधाची उष्णता बर्फाकडं पटकन जावी म्हणून. फक्त दोन वस्तू निवडल्यात आणि दोन्ही बरोबर निवडल्यात. हाताने फिरवायच्या या यंत्राचं पेटंट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन नावाच्या बाईंनी 1843 साली घेतलं, आणि इथला पॉट त्यांना दाखवला तर त्यांनी तो सहज ओळखला असता. माझ्या धंद्यात दर पाच-सात वर्षांनी गॅस बदलतो, ऑइल बदलतं, हत्यारं बदलतात. म्हणून मला या बादलीचा जरा हेवाच वाटतो.

मुद्दा आहे तो मिठाचा. रांगेत उभी असलेली पोरंच नाही, त्यांचे आईबापही सांगतात की मीठ टाकलं की बर्फ "जास्त गार" होतो. होतो हे खरं. का होतो ते विचारलं की मान फिरते.

नुसता बर्फ शून्याला वितळतो. दुधात साखर असते, त्यामुळं आइस्क्रीमचं मिश्रण शून्याला गोठत नाही. त्याचं गोठणं उणे दोन-तीनच्या आसपास सुरू होतं, आणि जसजसं पाणी बर्फ होत जातं तसतसं उरलेलं आणखी गोड होतं, मग त्याला आणखी गार करावं लागतं. म्हणजे बादलीत नुसता बर्फ भरला आणि पुतण्यानं पहाटेपर्यंत दांडा फिरवला, तरी डब्यात गार दूधच मिळेल.

शून्याला बर्फ आणि पाणी एकत्र असतात तेव्हा बर्फातून कण सुटून पाण्यात जात असतात आणि पाण्यातले परत येऊन बर्फाला चिकटत असतात. दोन्हीकडची ये-जा सारखी, म्हणून वरून काही दिसत नाही. सांगली स्टँडवर उभ्या असलेल्या मिरजेच्या बसमधून जितके उतरतात तितकेच चढत असले, की बस भरतही नाही आणि रिकामीही होत नाही, तसं. आता खाली फलाटावर निम्मी गर्दी नुसती पोचवायला आलेल्यांची झाली तर? जागा ते अडवणार, चढणार कुणीच नाही. उतरणारे मात्र उतरतच राहणार. बस रिकामी व्हायला लागते. मीठ म्हणजे ही पोचवायला आलेली माणसं. पाण्यात ती घुसली की बर्फावर परतणारे कण कमी होतात, सुटणारे तेवढेच राहतात, आणि बर्फ वितळायला लागतो.

वितळायचं तर उष्णता पाहिजे, आणि ती थोडीथोडकी नाही. एक ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी. म्हणजे शून्याचा एक किलो बर्फ शून्याचंच एक किलो पाणी होताना जेवढी उष्णता खातो, तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापलं असतं. आणि एवढं खाऊन थर्मामीटरचा काटा हलत नाही. ही लपलेली उष्णता जोसेफ ब्लॅक नावाच्या स्कॉटिश माणसानं 1760 च्या सुमारास मोजून दाखवली. आता बादलीत ही उष्णता कुठून येणार? बाहेरून लाकूड येऊ देत नाही. मग बर्फ स्वतःची घेतो, खारट पाण्याची घेतो आणि डब्यातल्या दुधाची घेतो. सगळंच शून्याच्या खाली उतरतं. मीठ आणि बर्फाच्या या जोडीची हद्द साधारण उणे 21 अंश. त्याच्या खाली ही जोडी जात नाही.

माझ्या बॅगेत प्रोबचा थर्मामीटर असतोच. मावशींना विचारून तो फटीत घातला, तर उणे 14. "किती आलं?" काकांनी कढईवरूनच विचारलं. सांगितलं. "मग बरोबर हाय," ते म्हणाले, आणि परत झारा फिरवायला लागले. त्यांच्याकडं थर्मामीटर नाही, त्यांचं माप म्हणजे बर्फाचा वीतभर थर आणि त्यावर मुठीनं मीठ, परत थर, परत मूठ. बारीक मीठ ते घेत नाहीत. ते लगेच विरघळून तळाशी जातं आणि वरचा बर्फ कोरडाच राहतो. खडा हळूहळू झिजतो आणि पॉट निघेपर्यंत पुरतो.

लादीकडंही बघण्यासारखं आहे. कडेनं काचेसारखी स्वच्छ, मधोमध दुधी. कारखान्यात पाण्याचे उभे डबे उणे तापमानाच्या खाऱ्या पाण्यात बुडवलेले असतात, त्यामुळं बर्फ बाहेरून आत जमत येतो. जमताना पाणी आपल्यातली हवा आणि क्षार आत आत रेटत नेतं, आणि शेवटी ते सगळं मधे अडकतं. तोच पांढरा गाभा. आणि हो, "विजेशिवाय आइस्क्रीम" म्हणून जे कौतुक चालतं ते अर्धंच खरं आहे. वीज इथं नाही, पण जिथून लादी आली तिथल्या अमोनियाच्या कॉम्प्रेसरनं ती आधीच खाल्लीय. गाडा तो खर्च गोणपाटात गुंडाळून आणतो एवढंच.

गुंडाळून आणणं ही गोष्टही हसण्यावारी नेण्यासारखी नाही. 1833 साली बोस्टनहून कलकत्त्याला जहाजातून बर्फ आला होता. साधारण 180 टन निघाला, चार महिन्यांचा प्रवास, आणि 100 टनांच्या आसपास पोचला. आवरण काय, तर लाकडाचा भुसा. इथं काकांनी लादीखाली भुसाच टाकलाय आणि वर ओलं नाही, कोरडं पोतं घातलंय. ओलं पोतं माठाला चांगलं, बर्फाला नाही.

आता फिरवणं. दांडा फिरवायचा तो ढवळायला नव्हे, खरवडायला. दूध सगळ्यात आधी डब्याच्या भिंतीला गोठतं. तिथला थर तसाच वाढू दिला तर मोठे खडे तयार होतात. फिरकीची पाती तो थर कोवळा असतानाच खरवडून मधे ढकलतात, तिथं त्याचे बारीक कण राहतात आणि भिंतीवर नवा थर धरतो. बर्फाचा कण साधारण 50 मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या पुढं गेला की जिभेला रवाळ लागतो. त्याच्या खाली राहिला तर आपण "काय मलईदार आहे" म्हणतो. मलई तीच असते, खडे लहान असतात. या पुतण्याची लय चांगली आहे. सुरुवातीला सावकाश, घट्ट होत आलं की जोरात, आणि दांडा जड झाल्यावरही तो थोडा वेळ सोडत नाही. डबा ते गळ्यापर्यंत भरत नाहीत, वरची जागा रिकामी ठेवतात. पाणी बर्फ होताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि वरून हवाही मिसळते, हे त्यांना पुस्तकाशिवाय माहीत आहे. फ्रीझरमध्ये बाटली फोडून मग मला बोलावणाऱ्यांना नाही.

हवेवरून आठवलं. कारखान्याच्या आइस्क्रीममध्ये मशीन हवा मारतं, एक लिटर मिश्रणाचं दोन लिटरपर्यंत आइस्क्रीम होऊ शकतं. म्हणून आपल्याकडच्या नियमात आइस्क्रीमचं वजन लिटरला निदान 525 ग्रॅम असावं अशी अट आहे आणि दुधाचं फॅट निदान दहा टक्के. फॅट वनस्पती तेलाचं असेल तर डब्यावर आइस्क्रीम लिहिता येत नाही, "फ्रोझन डेझर्ट" लिहावं लागतं. पुढच्या वेळी दुकानात डबा उलटून वाचा. हातानं फिरवलेल्या पॉटमध्ये हवा फार थोडी शिरते. त्यामुळं इथली वाटी दिसायला लहान आणि हाताला जड. लहान वाटी बघून भांडणाऱ्या एका गृहस्थांना मावशींनी वजन करून दाखवलं नाही, नुसतं म्हणाल्या, "दादा, आधी खा, मग भांडा." ते खाऊन गप्प गेले.

दूध म्हशीचं, कढईत आटवलेलं. आणि इथं एक हिशेब सांगतो, कारण सगळ्यांना वाटतं की पॉटवाल्याचा खर्च बर्फाचा. दहा लिटर दुधाचं सहा लिटर करायचं म्हणजे चार लिटर पाण्याची वाफ करायची. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला 540 कॅलरी, वितळण्याच्या जवळजवळ सातपट. चार लिटरला दोन हजारांवर किलोकॅलरी, शिवाय आधी दूध उकळीला आणायचं ते वेगळं. उलट उरलेलं सहा लिटर मिश्रण गार करून पॉटमध्ये जमवायचं तर तीन-साडेतीनशे किलोकॅलरी काढल्या की झालं, कारण पॉटमधून निघताना त्यातलं निम्म्याच्या आसपासच पाणी गोठलेलं असतं. सहा-सातपट फरक. खरा पैसा काकांच्या कढईखाली जळतो, पुतण्याच्या बादलीत नाही.

त्या कढईखालचा 19 किलोचा सिलिंडरही बघा. शेगडी मोठी असली की त्याच्या खालच्या भागाला घाम येतो, पावसाळी हवेत तर ओल धरते. आत द्रव गॅस उकळतोय, आणि उकळायला लागणारी उष्णता पत्र्यातून ओढतोय. म्हणजे वर दूध उकळून वाफ होतंय आणि खाली गॅस उकळून सिलिंडर गार पडतोय, दोन हातांच्या अंतरावर. त्यात ब्युटेन आणि प्रोपेन असतो, आणि वर सांगितलेला फ्रीजमधला आयसोब्युटेन हा त्याच घराण्यातला. तुमच्या नव्या फ्रीजमध्ये तो मूठभर ग्रॅम असतो आणि सिलिंडरमधल्या गॅससारखाच पेट घेतो, म्हणून त्याच्या पाइपला कुणालाही डाग द्यायला बसवू नका, येणाऱ्या माणसाला आधी विचारा की गॅस कुठला आहे ते माहीत आहे का. हे विषयाला सोडून झालं, पण लिहिणं भाग होतं. सिलिंडर किती उरलाय ते बघायचं असेल तर काका ओलं फडकं फिरवतात. द्रव जिथपर्यंत आहे तिथपर्यंतचा पत्रा ओला राहतो, वरचा आधी वाळतो. सिलिंडर गार पडून जाळ मंद झाला की काही गाडेवाले तो गरम पाण्याच्या टबात ठेवतात. काका ठेवत नाहीत, जाळ मंद तर मंद. या एका कारणासाठी मी त्यांना अर्धा तारा जास्त दिला असता.

चवींबद्दल थोडक्यात. सीताफळ उत्तम, कारण गराला मुळात साखर भरपूर आणि सुटं पाणी कमी, त्यामुळं तो डब्यात कडक होत नाही. ऑगस्टनंतर नोव्हेंबरपर्यंत मिळतं, एरवी मागू नका. आंबा मे महिन्यात चांगला, पण गर्दी फार. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात असते आणि इथं त्यांचं जरा चुकतं. फळाचे कच्चे तुकडे घालतात. स्ट्रॉबेरी म्हणजे नव्वद टक्के पाणी, साखर थोडी, ती डब्यात गोटी होऊन बसते आणि दाढेला झटका देते. आधी साखरेत शिजवून घाला असं मी सुचवलंय. काकांनी "बघू की" म्हटलंय. सांगलीत "बघू की" म्हणजे नाही.

बेदाणा घातलेलं मात्र चुकवू नका. इथं बेदाणा गोठत नाही, चावताना मऊच लागतो, आणि लोकांना त्याचं नवल वाटतं. द्राक्षात पाणी 80 टक्क्यांच्या आसपास, बेदाण्यात जेमतेम 15, बाकी साखरच साखर. गोठायला आत मोकळं पाणीच नाही. तासगाव, कवठेमहांकाळकडं शेडवर बघितलं असेल तुम्ही: जाळ्यांवर द्राक्षं पसरलेली, वर छप्पर, आणि कोरडा वारा दोन आठवड्यांत चार किलोचं एक किलो करून ठेवतो. उकळी नाही, जाळ नाही. पाणी वाफ व्हायला 100 अंश लागतात हे शाळेतलं वाक्य पाठ केलेल्यांनी एकदा त्या शेडखाली उभं राहावं. पाणी कुठल्याही तापमानाला वरच्या वर निघून जात असतं. फ्रीझरमधल्या बर्फाचे खडे महिनाभरात बारीक होतात, तेही न वितळता. डांबराच्या गोळ्या कपाटातून नाहीशा होतात त्याच वाटेनं.

मिरजेत एका लग्नात नायट्रोजन आइस्क्रीमचा काउंटर होता, त्याच्याशी तुलना करायचा मोह होतो. द्रव नायट्रोजन उणे 196 अंशाला उकळतो. दुधावर ओतला की मिनिटभरात गोळा. इतक्या झटपट गोठतं की खडे वाढायला वेळच मिळत नाही, त्यामुळं ते गुळगुळीत असतं हे मान्य. मोबाइल काढून सगळे ज्याचा व्हिडिओ घेत होते तो पांढरा धूर नायट्रोजनचा नसतो, नायट्रोजन दिसतच नाही. हवेतली वाफ गार पडून तिचे थेंब झालेले असतात, म्हणजे धुकं. मला खटकलं ते हे की वाढणारा पोरगा धूर येत असतानाच वाट्या हातात देत होता. सगळा द्रव उडून गेल्याशिवाय ते तोंडात घालायचं नसतं. ड्राय आइसचंही तेच. तो गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे 78 ला सरळ वायू होतो, मधे द्रव नाही. 2024 मध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात मुखशुद्धी समजून लोकांनी तो तोंडात टाकला आणि रक्त ओकले. हरिपूर रस्त्यावर व्हिडिओ काढण्यासारखं काही नाही, फक्त एक पोरगा घामाघूम होऊन दांडा फिरवतोय.

आता तक्रारी.

पॉट रिकामा झाला की बादलीतलं खारं पाणी पुतण्या झाडाच्या बुंध्यात ओततो. त्याच झाडाच्या, ज्याच्या सावलीत गाडा उभा आहे. झाडाच्या एका बाजूची पानं कडेनं करपायला लागलीत, आणि ती बाजू कुठली हे सांगायला नको. मी मावशींना म्हटलं, पसरट पत्र्याच्या ट्रेत ते पाणी उन्हात ठेवा, दोन-तीन दिवसांत पाणी उडून जाईल आणि मीठ खाली उरेल, तेच परत वापरा. पाणी जातं, मीठ जात नाही. मिठागरात हेच चालतं. मावशींनी मान डोलावली. पुढच्या खेपेला पाणी तिथंच. पाचवा तारा इथं गेला, आणि ट्रे दिसेपर्यंत परत मिळणार नाही.

दुसरी तक्रार: एकदा वाटी खारट लागली. बादलीला वरच्या बाजूला भोक असतं, वितळलेलं पाणी झाकणाच्या वर चढायच्या आत तिथून वाहून जावं म्हणून. त्या दिवशी त्यात बर्फाचा तुकडा अडकला होता आणि खारं पाणी झाकणातून आत झिरपलं होतं. मावशींनी न बोलता वाटी बदलून दिली, म्हणून तारा कापला नाही. पण पॉट उघडायच्या आधी झाकण पुसत नाहीत, ते पुसावं.

बर्फ निळसर दिसला तर घाबरू नका. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालायचा नियम 2018 पासून आहे. डब्याच्या बाहेरच्या फटीत तो चालतो, तो तुमच्या वाटीत येत नाही. मात्र शेजारी कुणी सरबतात निळा खडा टाकत असेल तर तिथून उठा.

आणि पार्सल. लोक घरी नेतात, फ्रीझरमध्ये टाकतात, दुसऱ्या दिवशी "कालच्यासारखं नाही" म्हणतात. कसं असेल? घरी पोचेपर्यंत बारीक खडे वितळले. फ्रीझरमध्ये ते पाणी परत गोठलं, पण आता फिरकी नाही, खरवडणं नाही, ते जाऊन उरलेल्या मोठ्या खड्यांना चिकटलं. लहान गेले, मोठे आणखी मोठे झाले. त्याला फ्रीजची दुरुस्ती लागत नाही. अशाच एका फोनवर मी कुपवाडला जाऊन आलोय, फ्रीज ठणठणीत होता.

जुलैत तर पार्सलचा विचारही नको. कोरड्या मे महिन्यापेक्षा दमट पावसाळ्यात वाटी जास्त भरभर वितळल्यासारखी वाटते, ते खोटं नाही. हवेतली वाफ गार वाटीवर पाणी होऊन बसते आणि बसताना आपल्याजवळची सगळी उष्णता, तीच 540 ची, तिथं ओतते. वाटीच्या बाहेरचा घाम म्हणजे आतलं आइस्क्रीम वितळवणारी फौज. अर्थात जोराच्या पावसात गाडा लागतच नाही, आणि कृष्णेचं पाणी चढायला लागलं की मावशी आधी बादल्या घरी नेतात. 2019 च्या महापुरानंतर मी पाण्यात बुडालेले कॉम्प्रेसर किती उघडले ते विचारू नका. लाकडी बादली धुऊन वाळवली की झालं.

गाडा संध्याकाळी पाचला लागतो, सोमवारी बंद. पैसे रोख द्या, मोबाइलनं चालतं पण मावशींना तो आवाज ऐकू आला पाहिजे, आणि कढईच्या खळखळीत तो येत नाही. गाडी रस्त्याच्या पलीकडं लावा, अलीकडं वळण आहे. रविवारी सातनंतर गेलात तर पहिला पॉट संपलेला असतो आणि दुसरा जमायला अर्धापाऊण तास जातो. तेवढ्यात पुतण्याला "झालं का, झालं का" करू नका. त्यानं तुमच्या घाईनं दांडा आधी सोडला तर खडे तुमच्याच वाटीत येणार आहेत.